पाय काढला, तरी रेस उतरेना



जुनी मोटार चौकात येऊन उभी राहते. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरचा पाय केव्हाच काढलेला असतो, गिअर न्यूट्रलमध्ये असतो, तरी इंजिन काही खाली बसत नाही. ते तसेच तावातावाने फिरत राहते आणि मग पाच-दहा सेकंदांनी, नाइलाज झाल्यासारखे, हळूहळू उतरते. गॅरेजच्या भाषेत याला ‘रेस उतरत नाही’ असे म्हणतात. पुष्कळांना हा किरकोळ दोष वाटतो. गाडी चालते आहे ना, मग झाले!

पण विचार करा. गिअर बदलताना इंजिनाचा वेग वेळेवर उतरला नाही, तर दातांवर दात घासतात आणि क्लचप्लेट झिजते. घाट उतरताना आपण खालचा गिअर टाकून इंजिनाच्या आधाराने गाडी आवरतो. तिथे इंजिनच पुढे ढकलू लागले, तर सारा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. शिवाय ज्या कारणांनी रेस लोंबकळते, त्यांपैकी काही कारणांनी इंजिन जास्त तापते आणि व्हॉल्वही जळतात. म्हणून या दोषाकडे काणाडोळा करू नये.

यावर आपल्याकडे एक उपाय सर्रास केला जातो. ‘स्लो’चा स्क्रू सापडला की तो पिळायचा. रेस थोडी खाली येते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सिग्नलवर बंद पडते. मग तोच स्क्रू उलटा. असे चार वेळा झाले की मूळ दोष कोणता आणि आपण घातलेला घोळ कोणता, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आज आपण सांगणार आहोत ती रीत याच्या उलट आहे: आधी ओळखायचे, मग हात लावायचा.

उदाहरणासाठी एकच गाडी डोळ्यांपुढे ठेवू. प्रीमिअर पद्मिनी ही आपल्या राज्यातच घडलेली गाडी. वालचंद उद्योगसमूहाने १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात ती इटलीच्या ‘फियाट ११००’च्या नमुन्यावर तयार होत असे. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून ती देशभर ओळखली गेली. टॅक्सी म्हणून तिची तिथली सेवा ३० ऑक्टोबर २०२३ रोजी संपली. परंतु हौसेने आणि जिव्हाळ्याने सांभाळलेल्या कितीतरी पद्मिनी आजही चालत्या आहेत. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि त्यावर सोलेक्स पद्धतीचा एकच कार्बोरेटर, असा तिचा साधा सरळ मामला. जुनी पेट्रोल जीप किंवा अँबॅसडर असली, तरी पुढे सांगितलेली तत्त्वे तीच.

इंजिन ‘स्लो’वर कसे चालते?

कार्बोरेटरच्या नळीत खालच्या बाजूला एक गोल चकती आडव्या दांड्यावर बसवलेली असते. तिला थ्रॉटल म्हणतात. आपण पॅडल दाबतो तेव्हा चकती उघडते आणि हवा आत शिरते. पाय काढला की स्प्रिंग तिला ओढून मिटवते. ती अगदी घट्ट मात्र मिटत नाही. एका स्क्रूवर टेकून केसभर उघडी राहते. त्या फटीतून येणारी थोडी हवा आणि ‘स्लो जेट’ नावाच्या बारीक छिद्रातून येणारे थोडे पेट्रोल, एवढ्यावर इंजिन मंद गतीने चालते. या जातीची इंजिने मिनिटाला सुमारे ७०० ते ८०० फेरे घेत स्लोवर चालतात. ७५० फेरे धरले, तर चार सिलिंडरांत मिळून सेकंदाला २५ वेळा ठिणगी पडून पेट्रोल जळते. निरोगी इंजिन वरच्या रेसवरून एवढ्यावर येताना मनात एक-दोन-तीन म्हणेपर्यंत खाली बसते. फ्लायव्हील जड असल्यामुळे एवढा वेळ लागायचाच.

शेतीच्या पाटाचे उदाहरण घ्या. पाटाचे दार लावले की पाणी थांबले पाहिजे. थांबले नाही, तर दोनच गोष्टी संभवतात: एक तर दार नीट लागले नाही, नाही तर बांधाला खेकड्याने कुठेतरी भोक पाडले आहे. मोटारीचेही असेच. चकती पूर्ण मिटत नसेल, किंवा चकती मिटूनही हवा भलत्याच वाटेने आत शिरत असेल. याला तिसरी एक गोष्ट जोडायची, ती ठिणगीच्या वेळेची. बहुतेक तपासणी या तीन गोष्टींत बसते.

आधी खबरदारी

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. उपरण्याचे टोक, पदर, सैल बाही पंख्यापासून दूर ठेवा. जवळ विडी-काडी नको. इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, कारण थंड इंजिनावर केलेली परीक्षा खरी नसते.

मग कागद घ्या आणि लिहा. दोष थंड असताना दिसतो की गरम झाल्यावर? रेस वरच अडकते आणि पॅडलला एक टिचकी मारली की खाली येते? की आपोआप, पण रेंगाळत उतरते? अडकणारी रेस बहुधा दांड्या-केबलांचा दोष सांगते. रेंगाळणारी रेस बहुधा हवेचा, पेट्रोलचा किंवा टायमिंगचा दोष सांगते. एवढ्या नोंदीनेच अर्धे काम होते.

पहिली पायरी : दार लागते का?

इंजिन चालू ठेवून रेस वाढवा आणि सोडा. ती वर राहिली, की कार्बोरेटरजवळचा थ्रॉटलचा लीव्हर बोटाने मिटण्याच्या दिशेला दाबा. रेस चटकन उतरली, तर कार्बोरेटर खोलण्याचे कारण नाही. दोष बाहेर आहे. पॅडलखाली चटई अडकली आहे का पहा. केबल असेल तर तिची एखादी तार तुटून आवरणात रुतली आहे का, सांधे कोरडे पडले आहेत का, धुळीचा चिखल झाला आहे का, स्प्रिंग ढिली पडली आहे का, हे पहा. इंजिनाखालचे रबर बसले असेल तर इंजिन झुकते आणि दांडीला नकळत ताण बसतो, तेही तपासा.

इथे एक इशारा. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी टायरच्या ट्यूबची रबरपट्टी बांधलेली आपण पाहतो. असे करू नये. उष्णतेने ती पट्टी कडक होते, चिरते आणि ऐन वेळी दगा देते. फार ताठ स्प्रिंगही नको. तिने थ्रॉटलचा दांडा एका बाजूला घासून झिजतो. मूळ मापाचीच स्प्रिंग घाला.

चालत्या गाडीत रेस वर अडकलीच, तर घाबरून पॅडल आपटत बसू नका. क्लच दाबा, ब्रेक लावा, मग इग्निशन बंद करा. पण किल्ली बाहेर काढू नका, कारण काही गाड्यांत किल्ली काढली की स्टिअरिंगला कुलूप बसते. गाडी कडेला घ्या आणि मगच बॉनेट उघडा. ही गोष्ट घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगून ठेवावी.

दुसरी पायरी : चोक

चोकची मूठ आत ढकलली म्हणजे चोक बंद झाला असे नाही. केबलचे आवरण क्लिपमधून सरकले असेल, तर मूठ आत जाते आणि कार्बोरेटरवरचा लीव्हर अर्ध्यावरच राहतो. थंड इंजिन बंद पडू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत चोकबरोबर थ्रॉटलही थोडे उघडण्याची सोय असते. ती तशीच राहिली, तर रेस उतरणार कशी? काही सोलेक्स कार्बोरेटरांत चोकची चकती नसून ‘स्टार्टर’ नावाची हवा-पेट्रोलाची वेगळी छोटी वाट असते. तिची झडप पूर्ण मिटली नाही, तर तिथून मिश्रण येतच राहते. अशा वेळी धुराला पेट्रोलचा उग्र वास येतो आणि प्लग काळे पडतात. बॉनेट उघडून लीव्हर शेवटपर्यंत जातो का, हे डोळ्यांनी पाहणे हाच उपाय.

तिसरी पायरी : बांधाचे भोक

दार लागते, चोकही बंद आहे, तरी रेस रेंगाळते. आता हवेची चोरी शोधायची. कार्बोरेटरच्या बुडाचे पॅकिंग, त्याखालचा उष्णतारोधक ठोकळा, मॅनिफोल्ड आणि हेड यांमधले पॅकिंग, रबरी नळ्या आणि थ्रॉटलच्या दांड्याची झिजलेली भोके, या चोरीच्या ठरलेल्या जागा.

हवा जास्त आली म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन लगेच मंद व्हायला हवे, मग ते रेंगाळते का, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. इंजिन जोरात फिरत असताना मॅनिफोल्डच्या आतल्या भिंतींना पेट्रोलचा पातळ ओलावा चिकटलेला असतो. चकती मिटताच आतली ओढ एकदम वाढते आणि तो ओलावा भराभर वाफ होऊन सिलिंडरांत जातो. एरवी त्याला जोडीची हवा मिळत नाही, म्हणून त्यातून फारसा जोर निघत नाही. पण भोकातून फुकटची हवा येत असली, तर ते पेट्रोल नीट जळते आणि इंजिनाला ढकलत राहते. ओलावा संपेल तसा जोर ओसरतो आणि रेस हळूहळू खाली येते. त्यानंतर मात्र पेट्रोल कमी पडून इंजिन स्लोवर थरथरते. आधी रेंगाळणे आणि मग थरथरणे ही जोडी दिसली, की हवेची चोरी बहुधा खरी.

चोरी पकडायची कशी? काही ठिकाणी कार्बोरेटरभोवती पेट्रोल शिंपडून पाहतात. हे अगदी वर्ज्य समजा. गरम एक्झॉस्ट शेजारीच असतो. त्याऐवजी साबणाचे पाणी किंवा तेलाच्या कुपीतून थोडे जाड तेल एकेका सांध्यावर थेंब-थेंब सोडा आणि कान देऊन ऐका. भोक असलेल्या जागी द्रव आत ओढला जातो, क्षणभर भोक बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो. रबरी नळ्या एकेक करून चिमटीत दाबून पहा. थ्रॉटलचा दांडा दोन बोटांत धरून हलवा. खुळखुळला तर झिजला आहे.

व्हॅक्युम गेज मिळाले तर काम सोपे होते. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच पाऱ्याइतकी ओढ दाखवते आणि काटा स्थिर राहतो. उंचीच्या दर हजार फुटांना सुमारे एक इंच वजा करावा. म्हणजे पुण्यात दीड-दोन इंच कमी आले, महाबळेश्वरी चार-साडेचार इंच कमी आले, तर तो इंजिनाचा दोष नाही. त्याहून खाली काटा स्थिर बसला, तर हवेची चोरी किंवा मागे पडलेले टायमिंग, या दोन शंका घ्या.

पॅकिंग बदलताना बोल्ट आळीपाळीने आणि बेताने आवळा. एकच बोल्ट जोरात आवळला की कार्बोरेटरचे बूड वाकते आणि नव्या पॅकिंगमधूनही हवा येते. बुडावर पोलादी पट्टी आडवी धरून खाली उजेड दिसतो का, ते पाहिले की वाक कळतो.

चौथी पायरी : स्लो जेट आणि दोन स्क्रू

स्लो जेटचे छिद्र फार बारीक असते. टाकीतला गंज, वाळलेल्या पेट्रोलचा चिकटा यांनी ते अर्धे बुजते. मग स्लोवर पेट्रोल पुरत नाही. इंजिन बंद पडू नये म्हणून कोणीतरी थ्रॉटलचा स्क्रू आत पिळून चकती जास्त उघडी ठेवतो. चकतीच्या कडेजवळ नळीच्या भिंतीत आणखी काही छिद्रे असतात. ती पॅडल थोडे दाबल्यावर पेट्रोल देण्यासाठी ठेवलेली असतात. चकती जास्त उघडी राहिली, की ती छिद्रे पाय काढल्यावरही चालूच राहतात आणि रेस रेंगाळते. म्हणजे स्क्रू पिळून झाकलेला दोष असा दुसऱ्या रूपाने बाहेर येतो.

म्हणून जेट काढून स्वच्छ पेट्रोलने धुवा आणि हवेने फुंका. तार घालू नका. छिद्र मोठे झाले की जेट निकामी. ही सफाई गार इंजिनावर आणि मोकळ्या जागी करावी. मग मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत बसवून किती फेऱ्यांत बसतो ते मोजा, कागदावर लिहा, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिले आहे तितका मागे घ्या. नंतर दोन्ही स्क्रू थोडे-थोडे लावून, चकती शक्य तितकी मिटलेली असताना इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल अशी जागा शोधा.

पाचवी पायरी : टायमिंग

हवा आणि पेट्रोल ठीक असूनही रेस रेंगाळली, तर डेल्कोकडे वळा. इंजिनाचा वेग वाढला की ठिणगी थोडी आधी पडावी लागते. त्यासाठी डेल्कोच्या आत दोन छोटी वजने आणि स्प्रिंगा असतात. जत्रेतला चक्री पाळणा जोरात फिरू लागला की पाळणे बाहेर फेकले जातात, तशी ही वजने बाहेर सरकतात आणि ठिणगी पुढे आणतात. वेग उतरला की स्प्रिंगांनी त्यांना मागे आणले पाहिजे. जुन्या ग्रीसचा मेणचट थर बसला किंवा स्प्रिंग सैल झाली, तर वजने बाहेरच राहतात. ठिणगी आधीच पडत राहते आणि इंजिन स्लोवर येण्यास नाखूश असते.

परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद करून डेल्कोचे झाकण काढा, रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने बोटाने थोडा फिरवा आणि सोडा. तो टचकन मागे आला पाहिजे. सावकाश आला किंवा आलाच नाही, तर सफाई करून पातळ तेलाचा थेंब द्या किंवा स्प्रिंगा बदला. टायमिंग लाइट असल्यास, रेस सोडल्यावर पुलीवरची खूण इंजिनाच्या वेगाबरोबरच जागेवर परत येते का पहा. टायमिंग मूळचेच मागे असेल, तर इंजिनाचा जोर कमी होतो आणि तो भरून काढायला पुन्हा चकती जास्त उघडावी लागते. म्हणून टायमिंग लावल्यावर स्लो पुन्हा लावावा, हा क्रम उलटा करू नये.

पेट्रोल बदलले, उंची बदलली

आणखी दोन गोष्टी जुन्या पुस्तिकेत सापडणार नाहीत. पहिली इथेनॉलची. आपल्याच शिवारातल्या उसापासून बनणारे इथेनॉल आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळलेले असते. एक किलो निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलोच. म्हणून जुन्या जेटवर असे पेट्रोल वापरले की हवा गरजेपेक्षा थोडी जास्त ठरते, मिश्रण पातळ पडते. शिवाय जुन्या जातीचे रबर इथेनॉलने फुगते, पुढे कडक होऊन चिरते. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या बसवणे हा खर्च वाया जाणारा नाही. चिरलेल्या नळीतून गळणारे पेट्रोल आगीला आमंत्रण देते.

दुसरी गोष्ट उंचीची. वर हवा विरळ असते. महाबळेश्वरी स्लो लावलेली गाडी आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला आली, की तिचे मिश्रण थोडे पातळ होते. म्हणून गाडी जिथे नेहमी चालते, तिथेच स्लो लावावा.

शिक्षक बंधू-भगिनींसाठी

हा विषय वर्गात घेता येईल आणि त्यासाठी मोटारीचीही गरज नाही. उसाच्या रसाच्या पेल्यात नळी घालून मुलाला रस ओढायला सांगा. मग नळीला रसाच्या वर टाचणीने भोक पाडा आणि पुन्हा ओढायला सांगा. रस नीट चढत नाही, हवाच येते. भोकावर बोट ठेवले की रस पुन्हा चढतो. साबणाच्या पाण्याची परीक्षा हीच. मग फळ्यावर चार रकाने आखा: लक्षण, शंका, परीक्षा, निकाल. रेस उतरत नाही, एवढे एकच लक्षण देऊन मुलांना बाकीचे रकाने भरू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि निकाल लिहायचा, हा नियम त्यांच्या हाताला लागला, की विहिरीवरचा पंप बिघडला तरी तीच मुले उपयोगी पडतील.

सारांश असा. आधी लीव्हर, मग चोक, मग हवेची चोरी, मग जेट आणि शेवटी टायमिंग. स्वस्त आणि बाहेरचे आधी, महाग आणि आतले नंतर. पहिल्या दोन पायऱ्या कोणालाही घरच्या घरी करता येतात आणि त्यांना पैसाही लागत नाही. पुढचे काम मिस्त्रीकडे न्यावे लागले, तर आपला कागद बरोबर न्या. ‘रेस उतरत नाही, कार्बोरेटर बदला’ असे सांगण्याऐवजी ‘लीव्हर पूर्ण मिटतो, चोक बंद आहे, मॅनिफोल्डच्या पुढच्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले की सूर बदलतो’ असे सांगा. चांगल्या मिस्त्रीला एवढे पुरते. दहा रुपयांच्या पॅकिंगसाठी हजारोंचा कार्बोरेटर घेण्याची वेळ मग येत नाही.